अंगावर पांढरं जातं

दवाखान्यात हे वाक्य सहसा सगळ्यांत शेवटी येतं. बाई आधी कंबरदुखीचं सांगते, मग डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणते, हातापायांची आग होते म्हणते. सोबत आलेली सासू किंवा नणंद बाकावर बसून ऐकत असते. तपासून होतं, चिठ्ठी लिहून होते, बाई उठून दारापर्यंत जाते आणि पडदा हातात धरून मागे वळते. "आन् म्याडम, अंगावर पांढरं जातंय." आवाज खाली आलेला असतो आणि नजर फरशीवर खिळलेली.

मराठवाड्यात तालुक्याच्या गावी स्त्रीरोगांचा दवाखाना चालवताना ही तक्रार मी किती वेळा ऐकली, याची मोजदाद नाही. सुरुवातीच्या वर्षांत मी चिठ्ठीवर आणखी एक गोळी लिहून मोकळी होत असे. दोन महिन्यांनी बाई तेच सांगत परत येई आणि मी गोळी बदलून देई. तिला रात्री झोप लागते का, घरात काय चाललंय, नवऱ्याला काही त्रास आहे का, दिवसभरात लघवीला जायला आडोसा मिळतो का, हे विचारायचं मला सुचलं नाही. कॉलेजात हे कुणी शिकवलं नव्हतं, हे खरं. पण माझ्या अभ्यासक्रमात काय होतं नि काय नव्हतं, याच्याशी त्या बाईला काय देणंघेणं? तिचं दुखणं तसंच राहिलं आणि ते मला आजही टोचतं.

लैंगिक आणि प्रजनन आरोग्यावरच्या या पुस्तकाची प्रस्तावना व्याख्येने सुरू करता आली असती. जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या आहे. १९९४ साली कैरोला भरलेल्या लोकसंख्या परिषदेत १७९ देशांनी मान्य केलेला मसुदा आहे. शरीर, मन आणि समाज या तिन्हींचा विचार एकत्र व्हावा, असं त्यांत नीट लिहून ठेवलंय. पण दारात पडदा धरून उभ्या राहिलेल्या बाईच्या एका वाक्यात हे तिन्ही आधीपासून आहेत. म्हणून या प्रस्तावनेत मी त्या वाक्याचाच माग काढणार आहे. पुस्तकातलं जवळजवळ प्रत्येक प्रकरण त्या वाटेवर कुठे ना कुठे भेटतं.

पहिला मुक्काम गडचिरोलीचा. १९८० च्या दशकात डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग तिथे कामाला गेले, तेव्हा खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढीच समजूत जगभर होती. ती गरोदर असली तर तिची नोंद होई, नाहीतर तिच्या शरीराची दखल घ्यायचं कुणाला कारण नसे. बंग दांपत्याने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. तक्रार असो वा नसो, जी बाई तयार झाली तिला तपासलं. निष्कर्ष १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. ९२ टक्के बायकांना जननेंद्रियांचा एक ना एक आजार होता. एकेका बाईला सरासरी ३.६ आजार होते. आणि त्याआधी आयुष्यात कधी अशी तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त ८ टक्के.

हे आकडे मी व्याख्यानांत अनेकदा सांगितले आहेत. दरवेळी सभागृह ९२ या आकड्याशी थबकतं. मला मात्र त्याच पाहणीतला दुसरा आकडा जास्त छळतो. या ६५० जणींपैकी काही त्रास आहे असं सांगणाऱ्या बायका ५५ टक्के होत्या. उरलेल्यांनी काही होत नाही म्हटलं आणि तपासल्यावर त्यांच्यातही आजार सापडले. म्हणजे कितीतरी बायकांच्या लेखी खाज, आग, दुर्गंधी, संबंधाच्या वेळचं दुखणं हा आजार नव्हताच. बाईच्या जातीला हे असतंच, आईला होतं, सासूलाही होतं, अशी गाठ मनाशी पक्की बसलेली. डॉ. राणी बंग यांनी पुढे या अनुभवांवर लिहिलेल्या पुस्तकाचं नाव 'कानोसा' आहे. दाराशी उभं राहून आतल्या हालचालीचा अंदाज घ्यावा तसं ते ऐकणं होतं, आणि मला ते नाव फार नेमकं वाटतं.

आता थोडं शरीराबद्दल, कारण ते न सांगता पुढे जाणं म्हणजे वाचणारीला पुन्हा दारात उभं करणं. योनिमार्गातून थोडा ओलावा येत राहणं हे निरोगी शरीराचं काम आहे. दोन पाळ्यांच्या मधोमध, बीज सुटायच्या सुमारास, हा स्राव अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा पारदर्शक आणि ताणला जाणारा होतो. पाळी जवळ आली की घट्ट होतो. गरोदरपणात वाढतो. याला औषध नको. दह्याच्या कवड्यांसारखा स्राव आणि सोबत खाज असेल तर बुरशीचा संसर्ग असू शकतो. माशासारखा वास, हिरवट-पिवळा फेसाळ स्राव, ओटीपोटात दुखणं आणि ताप ही वेगवेगळ्या संसर्गांची लक्षणं आहेत आणि त्यांची औषधंही वेगवेगळी आहेत. काहींत नवऱ्यानेही औषध घ्यावं लागतं, नाहीतर बाईचं दुखणं बरं होऊन पुन्हा उलटतं. संबंधानंतर रक्त दिसलं किंवा पाळी कायमची गेल्यावर पुन्हा अंगावर लाल गेलं, तर एकही दिवस न दवडता तपासून घ्यावं. दुसऱ्या प्रकरणात हे सगळं चित्रांसह आहे.

पण तपासणीत काहीच सापडलं नाही तर? अशा बायका खूप असतात. स्राव अगदी नेहमीसारखा असतो आणि बाई मात्र खंगत चाललेली असते. माझ्या पिढीच्या डॉक्टरांनी त्यांना "मनाचं आहे" असं सांगून वाटेला लावलं. मनाचं आहे म्हणजे काही नाही, असा त्याचा अर्थ आम्हीही घेत होतो आणि त्या बायकाही घेत होत्या.

याचं उत्तर मला गोव्यात झालेल्या एका अभ्यासात मिळालं. मनोविकारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या १८ ते ५० वयाच्या सुमारे अडीच हजार बायकांची पाहणी केली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखाचा विषय नेमका हाच होता, की बायका पांढरं जाण्याची तक्रार का करतात. तपासण्या झाल्या, मुलाखती झाल्या, आणि दिसलं ते असं, की या तक्रारीचं नातं जंतुसंसर्गापेक्षा उदासीनता, चिंता आणि कारण न सापडणाऱ्या अंगदुखीशी जास्त घट्ट आहे. गडचिरोली आणि गोवा एकमेकांना खोटं पाडतात असं वरवर वाटेल. मला तसं वाटत नाही. गडचिरोलीने दाखवलं की आजारी असलेल्या अनेकजणी बोलतच नाहीत. गोव्याने दाखवलं की ज्या बोलतात त्यांच्यातल्या अनेकजणी त्या एका वाक्यात आणखी काहीतरी सांगत असतात. नवऱ्याचं दारू पिणं सांगता येत नाही, मारहाण सांगता येत नाही, तिसऱ्या मुलीनंतरचं घरातलं थंड वागणं तर मुळीच सांगता येत नाही. अंगावर जातं, हे सांगता येतं. निदान डॉक्टरपुढे तरी.

पांढरं गेल्याने अशक्तपणा येतो, ही समजूत हवेतून आलेली नाही. आयुर्वेदातला सप्तधातूंचा क्रम घराघरांत झिरपलेला आहे. अन्नाचा रस, रसाचं रक्त, रक्ताचं मांस, मग मेद, अस्थी, मज्जा आणि सगळ्यांत शेवटी शुक्र. इतकी घडण होऊन तयार झालेली गोष्ट शरीराबाहेर गेली तर माणूस आतून रिकामा होणार, हा हिशेब कुणालाही पटण्यासारखा आहे. आमच्याकडच्या बायका "हाडं झिजून पाणी जातंय" म्हणतात, ते याच हिशेबाने. कंबर दुखते ती म्हणून, पाय गळतात ते म्हणून. या समजुतीला मी एके काळी हसले आहे आणि त्या हसण्याची आता लाज वाटते. ज्या बाईच्या रक्तात लोह नाही, जी पहाटे चारपासून राबते, तिच्यातून खरोखरच काहीतरी निथळून जात असतं. ती त्याला जे नाव देते तेवढं वेगळं आहे.

हाच हिशेब तिच्या नवऱ्याच्या आणि मुलाच्याही डोक्यात असतो. तिथे त्याचं नाव धातू जाणं. डॉ. नरेंद्र नाथ विग या भारतीय मनोविकारतज्ज्ञांनी १९६० साली 'धात सिंड्रोम' हा शब्द वैद्यकात आणला. लघवीवाटे किंवा झोपेत वीर्य जातं, म्हणून आपण खंगत चाललोय, लग्नाला नालायक झालोय, अशा धास्तीने घेरलेल्या तरुणांचं ते वर्णन होतं. ही धास्ती फक्त आपल्याच मातीतली आहे, असंही नाही. अठराव्या शतकात तिसो नावाच्या स्विस डॉक्टरने हस्तमैथुनाने येणाऱ्या कथित रोगांवर ग्रंथ लिहिला आणि पुढे शंभर-दीडशे वर्षं युरोपातल्या मुलांना त्या भीतीखाली वाढवलं गेलं. तिकडे ती ओसरली. आपल्याकडे ती रेल्वेरुळांच्या कडेच्या भिंतींवर चुन्याने रंगवलेली अजून दिसते.

त्यात आपल्या भाषेनेही भर घातली आहे. झोपेत वीर्य जाणं ही वयात आलेल्या मुलाच्या शरीराची साधी गोष्ट, तिला मराठीत रुळलेला शब्द आहे स्वप्नदोष. चौदा वर्षांच्या पोराला तो शब्द पहिल्यांदा भेटतो तेव्हाच निकाल लागलेला असतो, त्याच्यात दोष आहे. मग तो कुणाला विचारणार? घरी विचारणं शक्य नाही, शाळेत तर त्याहून नाही. २००७ साली किशोरवयीन मुलांसाठीच्या लैंगिक शिक्षणाच्या कार्यक्रमावर वाद झाला आणि महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी तो रोखला. रंगवलेल्या भिंतींवर मात्र कुणी बंदी घातली नाही. पाचवं प्रकरण या मुलांसाठी आहे. ते लिहिणाऱ्या समुपदेशकांनी सबंध प्रकरणात स्वप्नदोष हा शब्द एकदाच, आणि तोही खोडण्यासाठी वापरला आहे.

आता बीड. इथे मला सावकाश लिहावं लागणार आहे.

दसरा-दिवाळीनंतर बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, ती हंगामभर फेडायची. एक दिवस काम चुकलं तर खाडा धरला जातो आणि त्याचे पैसे कापले जातात. मुक्काम कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत. पाणी लांब, संडास नाही, आंघोळीला आडोसा नाही. पाळी आलेल्या बाईने दिवसभर मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन ट्रकवर चढवायच्या, आणि कपडा बदलायला फडातच कुठेतरी आत जायचं. तोच कपडा धुऊन, न वाळलेला, पुन्हा वापरायचा. अशा परिस्थितीत संसर्ग झाला नाही तरच नवल.

हंगाम संपवून ती गावी येते आणि दवाखान्यात तेच वाक्य सांगते. अंगावर पांढरं जातं. आता तिला उत्तर मिळतं, "पिशवी खराब झालीय. काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल." दोन-तीन मुलं झालेली असतात. पिशवी गेली की पाळी गेली, पाळी गेली की खाडा गेला, असाही एक हिशेब तिच्या मनात असतो. मुकादमाकडून आणखी उचल घेऊन ती ऑपरेशन करून घेते. वय पंचवीस, अठ्ठावीस, तीस.

२०१९ मध्ये हा प्रकार गाजला तेव्हा राज्य सरकारने आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि त्यांच्यापैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. म्हणजे साधारण दर सहा बायकांमागे एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात १५ ते ४९ या वयातल्या बायकांमध्ये हे प्रमाण सुमारे ३ टक्के आहे.

पिशवी काढताना अनेकदा बीजकोशही काढले जातात, आणि मग तिशीतल्या बाईला पन्नाशीतलं शरीर मिळतं. अंगातून वाफा निघतात, झोप उडते, हाडं ठिसूळ होऊ लागतात, संबंधाच्या वेळी कोरडेपणाने दुखतं, मन उगाच भरून येतं. बीजकोश ठेवले तरी हे त्रास वेळेआधी सुरू होऊ शकतात. आणि त्याच बाईला पुढच्या हंगामात पुन्हा मोळ्या वाहायच्या असतात. कंबरदुखीसाठी ती आली होती, ती कंबरदुखी वाढूनच तिच्याकडे परतते.

ज्या कर्करोगाच्या भीतीने हे घडलं, त्या रोगावरचं एक फार मोठं संशोधन बीडला लागून असलेल्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यातच झालं, ही गोष्ट मला विसरता येत नाही. टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाच्या मंडळींनी ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखांहून अधिक बायकांना बरोबर घेऊन ते केलं. २००९ साली निष्कर्ष आले. एचपीव्ही या विषाणूची चाचणी आयुष्यात एकदा जरी झाली, आणि दोष सापडला तिथे वेळेवर उपचार केले, तर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू चाचणी न झालेल्या बायकांच्या तुलनेत जवळपास निम्म्यावर आले. कापूस फिरवून नमुना घ्यायचा, काही मिनिटांचं काम. जगाने त्या निष्कर्षांवरून आपली धोरणं ठरवली. शेजारच्या तालुक्यांतल्या बायका मात्र कॅन्सरच्या भीतीने पिशव्या काढून घेत राहिल्या.

गडचिरोलीत या तक्रारीकडे कुणी लक्ष दिलं नव्हतं, बीडमध्ये लक्ष गेलं ते सुरी घेऊन. बाईला काय होतंय हे विचारायला दोन्हीकडे कुणी थांबलं नाही.

"आपल्या संस्कृतीत या गोष्टी बोलत नाहीत" हे वाक्य मी शाळांच्या संचालकांकडून, पालकांकडून, क्वचित सहकारी डॉक्टरांकडूनही ऐकलं आहे. ते वस्तुस्थितीला धरून नाही. तेर आणि भोकरदनच्या उत्खननांत लज्जागौरीच्या मूर्ती सापडल्या आहेत. मस्तक नसलेली, मांड्या फाकून बसलेली ती सृजनाची देवी कुणीतरी हाताने घडवली आणि पुजली. संशोधक रा. चिं. ढेरे यांनी तिच्यावर अख्खा ग्रंथ लिहिला. चौदाव्या शतकात संत सोयराबाईंनी विटाळावर अभंग रचला. घरात पहिलं न्हाण आलं की मुलीला मखरात बसवून गोडधोड करत, डोहाळजेवणात गरोदरपणाची चवीने चर्चा होई. आणि १८९१ चा संमतिवयाचा कायदा होताना मराठी वर्तमानपत्रांनी महिनोन्‌महिने एकाच प्रश्नावर रकाने भरले, मुलीचं शरीर कोणत्या वयात संबंधाला तयार होतं. कायद्याने ते वय दहावरून बारावर नेलं, आणि एवढ्यानेही धर्म बुडाला म्हणणारे पुढारी होते. त्या चर्चेत आवाज जवळजवळ सगळे पुरुषांचे होते. रखमाबाईंसारखी एखादीच बाई बोलली, आणि नको असलेल्या नवऱ्याकडे नांदायला जाणार नाही एवढंच म्हटल्याबद्दल तिला कोर्टात खेचलं गेलं. पुढे ती डॉक्टर झाली. तेव्हा बोलणं आपल्याकडे पुष्कळ झालं आहे. ज्याच्या शरीराविषयी बोलायचं त्यालाच बोलायची मुभा कमी मिळाली.

त्याच्याही आधी, १८६३ मध्ये, जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं. फसवल्या गेलेल्या विधवेने गुपचूप यावं, सुखरूप बाळंत व्हावं, हवं तर मूल तिथेच ठेवून जावं. तिथे बाळंत झालेल्या एका विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला, तो यशवंत. प्रजनन आरोग्याची सेवा म्हणजे काय, याचा विचार करताना मी कैरोच्या मसुद्यापेक्षा पुण्यातल्या त्या घराचा जास्त विचार करते. तिथे आलेल्या बाईला वैद्यकीय मदत मिळत होती आणि तिच्यावर निवाडा होत नव्हता.

आणि रघुनाथ धोंडो कर्वे. त्यांच्याविषयी चार ओळींत भागत नाही. महर्षी कर्व्यांचे हे थोरले चिरंजीव गणिताचे प्राध्यापक होते. १९२१ मध्ये, मेरी स्टोप्स यांनी लंडनला पहिलं केंद्र काढलं त्याच वर्षी, त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. या कामापायी विल्सन कॉलेजातली नोकरी गेली. जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं आणि १९५३ मध्ये मरेपर्यंत चालवलं. पत्नी मालतीबाई त्या सबंध ओढग्रस्तीत सोबत होत्या. त्या मासिकाचा प्राण वाचकांची पत्रं होती. घरात, वैद्याकडे, मित्रांत विचारता न येणारा प्रश्न माणसं पोस्टाने पाठवत आणि कर्वे त्याला शास्त्राला धरून, आडपडदा न ठेवता उत्तर देत. हस्तमैथुनाने काही बिघडत नाही, असं त्यांनी लिहिलं. समलिंगी आकर्षणाविषयीच्या प्रश्नांनाही उत्तरं दिली. १९३४ मध्ये अशाच उत्तरांवरून अश्लीलतेचा खटला झाला. वकीलपत्र घेतलं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. लोक लैंगिक प्रश्न विचारणार असतील तर त्यांना ज्ञानाने उत्तर द्यायला हवं, अशी त्यांची भूमिका होती. खटला ते हरले, कर्व्यांना दंड झाला. चार वर्षांनी, नोव्हेंबर १९३८ मध्ये, आंबेडकरांच्या पक्षातर्फे मुंबई विधिमंडळात संततिनियमनाच्या सोयी सरकारने द्याव्यात असा ठराव आला, तोही फेटाळला गेला.

कर्व्यांची काही मतं आज मला पटत नाहीत. पण प्रश्नाला उत्तर देण्याची त्यांची रीत आम्ही या पुस्तकासाठी जशीच्या तशी उचलली आहे. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी आमच्याकडे आलेले प्रश्न आहेत, विचारणाऱ्याच्याच बोलीत.

बोलीचा मुद्दा आम्हाला सगळ्यांत जड गेला. मराठीत जननेंद्रियांसाठी शब्द आहेत ते दोन टोकांना. एकीकडे शिव्या, दुसरीकडे संस्कृत. मधल्या जागेत, जिथे आई मुलीशी किंवा बायको नवऱ्याशी बोलेल, तिथे "खाली", "जागा", "तिथे" एवढंच आहे. पाळीला मात्र कितीतरी नावं. अडचण, बाहेरची, कावळा शिवला, शिवायचं नाही. त्यांतलं एकही नाव रक्ताविषयी काही सांगत नाही, सगळी नावं बाईने कुठे बसावं ते सांगतात. वांझ या शब्दाला व्यवहारात पुल्लिंग नाही. मूल न होण्यामागे पुरुषाच्या बाजूचं कारणही जवळपास तितक्याच वेळा असतं. वीर्याची तपासणी स्वस्त, सोपी आणि न दुखणारी. तरी दोन-तीन वर्षं बाईच्या सगळ्या तपासण्या, नवस, उपास आणि हळदीकुंकवातले टोमणे होऊन गेल्यावर कुठे नवरा लॅबमध्ये जातो. ऑपरेशन म्हटलं की तेही बाईचंच. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय पाहणीत बायकांची नसबंदी ३७.९ टक्के आणि पुरुषांची ०.३ टक्के. पुरुषांची शस्त्रक्रिया बिनटाक्याची, काही मिनिटांची आणि जास्त सुरक्षित असूनही. आणीबाणीत १९७६ मध्ये झालेली नसबंदीची सक्ती यामागे आहेच. त्या वर्षी महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचं विधेयकही मंजूर केलं होतं, ते राष्ट्रपतींच्या संमतीअभावी कायदा होऊ शकलं नाही. त्या भीतीला आता पन्नास वर्षं होत आली, आणि तिची किंमत अजून बायका मोजतात.

एका शब्दाने तर चांगल्या हेतूने घोळ केला. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशातला पहिला कायदा केला, देशाचा कायदा १९९४ मध्ये झाला. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे ८०७ मुली उरल्या होत्या, तेव्हा ही लढाई किती गरजेची होती हे सांगायला नको. पण "भ्रूणहत्या पाप आहे" असे फलक गावोगाव लागले आणि लोकांच्या मनात गर्भपात हाच गुन्हा ठरला. १९७१ च्या कायद्याने तो ठरावीक अटींवर कायदेशीर आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर काही बायकांना तो २४ आठवड्यांपर्यंत करता येतो, आणि लग्न झालेलं नाही म्हणून कुणा बाईला नाकारता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं. हे ठाऊक नसल्यामुळे कुठल्यातरी मेडिकलमधून गोळ्या आणून घेतलेल्या, रक्तस्रावाने पांढऱ्याफटक पडलेल्या मुली अजून रात्री-अपरात्री दवाखान्यात येतात. सातवं प्रकरण आधी वाचलं तरी चालेल.

समलिंगी आणि पारलिंगी व्यक्तींसाठी आम्ही वेगळं प्रकरण केलं नाही. यावर आमच्यात पुष्कळ वाद झाला. शेवटी ठरलं, की त्यांचे प्रश्न प्रत्येक प्रकरणात त्या त्या जागी यावेत, कारण त्यांनाही पाठदुखी होते, संसर्ग होतात, एकटं वाटतं, आणि डॉक्टरच्या पहिल्याच प्रश्नाने, "लग्न झालंय का?", त्यांचंही बोलणं तिथेच थांबतं.

कच्चा मसुदा आम्ही तीन गावांत, बचत गटांच्या बैठकींत मोठ्याने वाचून दाखवला. जिथे बायका एकमेकींकडे पाहू लागत तिथे थांबून विचारत होतो. "गर्भाशयाचा भ्रंश" या शब्दाला कुणीच दाद दिली नाही. मग सत्तरीच्या एक आजी म्हणाल्या, "अंग बाहेर येतं म्हणा की सरळ." आणि थोड्या वेळाने, त्याच आवाजात, आपल्याला ते वीस वर्षांपासून आहे, कापडाचा बोळा लावून शेतात जाते, असं त्यांनी सांगितलं. बोळ्याऐवजी बसवायची रिंग मिळते, हे त्यांना त्या दिवशी कळलं. पुढच्या आठवड्यात त्या येऊन बसवून गेल्या. पुस्तकात आता सगळीकडे त्यांचाच शब्द आहे.

त्याच बैठकीत ऊसतोडीला जाणाऱ्या काहीजणींनी एक मागणी केली. पुरुषांसाठीचं प्रकरण वेगळं, लहान पुस्तिकेसारखं छापून द्या, खिशात मावेल असं. नवऱ्याला एवढं जाड पुस्तक देता येणार नाही, कोपीत ठेवायला जागाही नाही. ती पुस्तिका छापायला गेली आहे. टोळ्या निघायच्या आत ती गावांत पोहोचवायची आहे.